अर्ध्या तासाचा बग आणि तीन देशांतला रिव्ह्यू

आमची टीम तीन ठिकाणी आहे. पुण्यात आम्ही, जर्मनीत म्युनिकला काही जण आणि अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला काही जण. उन्हाळ्यात म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि पोर्टलंड साडेबारा तास मागे, हिवाळ्यात दोन्हीकडे आणखी एकेक तास वाढतो. ऐकायला सोपं आहे, पण कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासण्यात, याचा अर्थ काय होतो तर मी संध्याकाळी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोडमधला बदल) टाकला, पोर्टलंडच्या माणसाने त्याच्या सकाळी बघितला आणि एक प्रश्न विचारला, तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला, मी तिथल्या तिथे उत्तर दिलं तरी ते तो बघणार त्याच्या पुढच्या सकाळी. म्हणजे "हे असं का केलंय?" एवढ्या एका ओळीला अख्खा दिवस जातो. आणि प्रश्न त्याच्या शुक्रवारी आला असेल तर माझं उत्तर सोमवारी, त्याचं त्यावरचं म्हणणं मला कळणार मंगळवारी सकाळी. असे चार प्रश्न झाले की पीआरचं भिजत घोंगडं पडलंच समजा.

नवीन मुलांना हे कळायला वेळ लागतो म्हणून एका बदलाची गोष्ट नीट लिहायची होती. बदल म्हटलं तर छोटा होता, प्रॉडला, म्हणजे क्लायंट प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर, जाईपर्यंत मात्र आमच्या रिव्ह्यूच्या बऱ्याच सवयी बदलून गेला.

आमचं प्रॉडक्ट दवाखान्यांसाठी आहे, पेशंटच्या अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे एसएमएस पाठवतं. सुरुवातीचे सगळे क्लायंट अमेरिका आणि युरोपातले. त्यामुळे फार पूर्वी कोणीतरी प्रत्येक दवाखान्याच्या रेकॉर्डमध्ये यूटीसीपासूनचा (जगभरच्या वेळा जिच्या आधाराने मोजतात त्या वेळेपासूनचा) फरक तासांत, पूर्णांक म्हणून ठेवलेला होता. म्युनिकसाठी १, पोर्टलंडसाठी उणे ८, आणि घड्याळं पुढेमागे होतात तेव्हा तो बदलणारी एक वेगळी स्क्रिप्ट. मग भारतातले दवाखाने आले. भारताचा फरक साडेपाच तास, तो त्या कॉलममध्ये ५ म्हणून जाऊन बसला. सकाळी दहाला जायला पाहिजे तो मेसेज साडेदहाला जायला लागला. तासभर आधी आठवण मिळायला हवी ती अर्धाच तास आधी, तोवर पेशंट घरातून निघालेला तरी असतो नाहीतर विसरून गेलेला तरी.

खरं म्हणजे हा बग आमच्या डोळ्यासमोरच होता. कोड तपासणारी एक जुनी टेस्ट पुण्यातल्या लॅपटॉपवर फेल व्हायची आणि सीआयवर (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सिस्टिमवर) पास व्हायची, कारण सीआयचं मशीन यूटीसीवर चालतं आणि आमचे लॅपटॉप भारतीय वेळेवर. "ती आपल्याकडे फुटतेच, सोडून दे" हे इथे प्रत्येक नवीन माणसाला सांगितलं जायचं. म्युनिक-पोर्टलंडला ती कधी फुटलीच नाही, त्यामुळे तिकडे कोणाला माहीतच नाही. टीम लांब लांब असली की हे असं होतं, एका ठिकाणची तोंडी माहिती तिथल्याच खोलीत राहते.

तिकीट माझ्याकडे आलं. पटकन करण्यासारखा उपाय समोर होता, तासांऐवजी मिनिटं ठेवा, ३३० लिहा, संपलं. नेपाळचा पावणेसहा तासांचा फरकही त्यात बसतो. पण मला तो पटत नव्हता, म्हणून कोड लिहायच्या आधी मी एक छोटं डिझाइन डॉक्युमेंट लिहून रिपॉझिटरीतच (सगळा कोड ठेवलेला असतो तिथेच) पीआर म्हणून टाकलं. आधी कोड आणि मग चर्चा असं केलं की चर्चेत दिशाच बदलली तर सगळं लिहिलेलं वाया जातं, आणि तीन टाइमझोनमध्ये ती बदलायला आठवडा लागतो. डॉक्युमेंटमध्ये दोन पर्याय मांडले, मिनिटांचा आणि झोनच्या नावाचा. म्हणजे "एशिया/कोलकाता", "युरोप/बर्लिन", "अमेरिका/लॉस एंजेलिस" ही टाइमझोन डेटाबेसमधली (जगभरच्या वेळेच्या नियमांच्या यादीतली) नावं ठेवायची आणि फरक त्या त्या तारखेला त्यातून काढायचा.

म्युनिकच्या सीनियरची कमेंट त्याच दिवशी दुपारी आली. "मिनिटांचा पर्याय काढून टाक. उद्या नियम बदलला तर?" एवढीच. खाली त्याने मेक्सिकोचं उदाहरण दिलं होतं. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक भागात बंद केली. समजा त्याआधीच कोणी मेक्सिको सिटीतली एप्रिल २०२३ ची सकाळी दहाची अपॉइंटमेंट घेतली, आणि सॉफ्टवेअरने तेव्हाच्या नियमाप्रमाणे उणे ५ धरून ती यूटीसीत १५:०० म्हणून ठेवली. एप्रिल आला तेव्हा शहर उणे ६ वर, म्हणजे तीच नोंद आता सकाळी नऊची झाली. पेशंटला दहाच सांगितलेलं आहे, दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळातही दहाच वाजायचेत, फक्त आपला डेटाबेस नऊ म्हणतोय. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनने तर घड्याळं पुढे करायचा निर्णय ऐन वेळी पुढे ढकलला आणि काही दिवसांत परत फिरवला, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या. आपल्याकडेही फार लांब जायला नको, भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू असली तरी मुंबई स्वतःची वेळ १९५५ पर्यंत वापरत होती, ३९ मिनिटं मागे. वेळेचे नियम सरकारं ठरवतात आणि बदलतात, ते आपल्या कॉलममध्ये गोठवून ठेवता येत नाहीत.

एवढ्यावर ठरलं असं वाटलं आणि रात्री पोर्टलंडहून आक्षेप आला. तिथली सहकारी मेसेज पाठवणारी रांग सांभाळते, अवेळी काही बिघडलं तर ऑनकॉलला तीच उठते. तिचं म्हणणं, रांगेला दर मिनिटाला "आता कोणाकोणाला पाठवायचंय" हे विचारायचं असतं, त्यासाठी यूटीसीतली एकच वेळ आणि तिच्यावर इंडेक्स (डेटाबेसला नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) पाहिजे, प्रत्येक रेकॉर्डचा झोन बघून गणित करत बसलं तर क्वेरी झोपेल. दोघंही बरोबर होते. समोरासमोर असतो तर तासाभरात संपलं असतं, इथे बरेच दिवस काथ्याकूट चालला. पण तो सगळा लिहून झाला हे चांगलं झालं, कारण त्यातूनच उत्तर निघालं. दवाखान्याची स्थानिक वेळ आणि झोनचं नाव हे खरं मानायचं, त्यावरून काढलेली यूटीसी वेळ वेगळ्या कॉलममध्ये फक्त रांगेसाठी ठेवायची, आणि टाइमझोन डेटाबेसची नवीन आवृत्ती आली की पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंटची यूटीसी वेळ परत काढायची. हे उत्तर कोणा एकाचं नव्हतं. माझ्या मनात फक्त झोनचं नाव होतं, रांगेचा विचार मला आपणहून सुचला नसता.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंवर एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की लोकांना रिव्ह्यूकडून बग सापडण्याची अपेक्षा असते पण प्रत्यक्षात त्यातून जास्त मिळतं ते एकमेकांचा कोड समजणं आणि दुसरे पर्याय समोर येणं. आमच्याकडे अगदी तसंच आहे. बग पकडायला टेस्ट असतात. रांग कशी चालते हे पुण्यात आज चार जणांना माहितीये ते त्या पीआरवरच्या कमेंटमुळे.

मग प्रत्यक्ष कोड. एकाच पीआरमध्ये सगळं टाकायचा मोह होतोच, पण दोन हजार ओळींचा पीआर कोणी मनापासून वाचत नाही, वरवर स्क्रोल करून "ठीक वाटतंय" लिहितात. मी तुकडे पाडले. पहिल्यात फक्त नवीन कॉलम आणि जुन्या रेकॉर्डमध्ये झोनचं नाव भरणारी स्क्रिप्ट, दुसऱ्यात जुन्या-नव्या दोन्ही ठिकाणी लिहिणं, तिसऱ्यात वाचणं नवीनकडून, शेवटी जुना कॉलम काढणं. मधे कुठेही थांबलं तरी प्रॉड चालू राहिलं पाहिजे हा हिशेब. दूरच्या टीममध्ये या तुकड्यांचा अजून एक फायदा म्हणजे पहिला रिव्ह्यूत अडकला असताना दुसऱ्यावर काम चालू ठेवता येतं, त्याच्याच ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) पुढची ब्रांच काढून. इथे एक कटकट सांगून ठेवते. पहिला पीआर स्क्वॉश करून मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, की त्याचे सगळे कमिट (बदलाच्या एकेक नोंदी) मिळून एक नवाच कमिट होतो, आणि दुसऱ्या ब्रांचला तेच जुने कमिट वेगळे वाटतात, मग नको तिथे कॉन्फ्लिक्ट दिसायला लागतात. तेव्हा साधा रिबेस (आपले कमिट नव्या पायावर परत मांडणं) करू नका, "रिबेस ऑन्टो" वापरून फक्त आपले कमिट मेनवर, म्हणजे मुख्य ब्रांचवर, उचलून ठेवा. आमच्याकडच्या मुलांचे यात बरेच तास गेलेत.

आता डिस्क्रिप्शन, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे वाचतो असं माझं ठाम मत झालंय. आधी आमच्याकडे पीआरचं डिस्क्रिप्शन म्हणजे तिकीट नंबर आणि "टाइमझोन फिक्स" एवढंच असायचं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ते चालतं, त्याला काही अडलं तर मान वळवून विचारेल. जो उठेल तेव्हा मी झोपलेली असणार त्याच्यासाठी मला सगळं आधीच लिहावं लागतं. तिसऱ्या पीआरवर मी लिहिलं होतं ते साधारण असं, की वाचायला सुरुवात शेड्यूलरच्या फाइलपासून करा, बाकीच्या फाइलींमध्ये बहुतेक नावबदल आहे. जुना कॉलम इथे मुद्दाम काढलेला नाही, तो पुढच्या पीआरमध्ये. पुण्याच्या लॅपटॉपवर फुटणारी टेस्ट आता का पास होते. परत मागे जायचं असेल तर कोणता फ्लॅग (नवा कोड चालू-बंद करायची सेटिंग) बंद करायचा. आणि शेवटी, एका ठिकाणी मला खात्री नाही, पोर्टलंडने इथे नक्की बघावं. ती ओळही मी स्वतःच कमेंट करून दाखवून ठेवली होती.

ते ठिकाण म्हणजे "एक दिवस आधी" पाठवायचा मेसेज. जुना कोड सरळ चोवीस तास वजा करायचा. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात. त्या रविवारी सकाळी दहाला इमर्जन्सी दवाखान्यात अपॉइंटमेंट असेल आणि चोवीस तास वजा केले तर शनिवारी सकाळचे नऊ येतात, दहा नाही. पेशंटच्या दृष्टीने आदल्या दिवशी त्याच वेळेला मेसेज यायला हवा. मी कोड तसा लिहिला, पण हा निर्णय डेव्हलपरचा नाही असं मला वाटत होतं. पोर्टलंडच्या सहकारीने तो धागा त्याच रात्री प्रॉडक्ट मॅनेजरला टॅग केला, सकाळपर्यंत उत्तर होतं, "आदल्या दिवशी त्याच घड्याळी वेळेला". मी सगळं स्पष्ट लिहून ठेवलं होतं म्हणून एकाच फेरीत झालं, नाहीतर आधी "इथे वजाबाकी अशी का?" यात एक दिवस, मग "कोणाला विचारायचं?" यात दुसरा.

कमेंटच्या भाषेवर बोलायलाच पाहिजे. म्युनिकचा सीनियर थेट लिहितो. "हे चूक आहे. झोन कुठून येतो?" त्यात राग नसतो, दोन वर्षं त्याच्याबरोबर काम केल्यावर मी हे छातीठोक सांगू शकते. पोर्टलंडचे लोक उलट, "मस्त झालंय! एक छोटासा विचार, जमलं तर" असं लिहितात आणि तो छोटासा विचार म्हणजे मर्ज अडवण्याइतका गंभीर असतो. आमच्या टीममध्ये जळगावचा एक मुलगा नुकताच लागला होता, म्युनिकची कमेंट वाचून तो दिवसभर गप्प, आणि पोर्टलंडची कमेंट त्याने ऐच्छिक समजून सोडून दिली. त्यात त्याचं काय चुकलं, लिहिणाऱ्याचा चेहरा समोर नाही, आवाज नाही. मग आम्ही ठरवलं की प्रत्येक कमेंटच्या सुरुवातीला एक शब्द लावायचा. "ब्लॉकर" म्हणजे हे झाल्याशिवाय मर्ज नाही, "प्रश्न" म्हणजे मला समजून घ्यायचंय, "निट" म्हणजे बारीकसारीक, केलं तर बरं. इतकी साधी गोष्ट, पण त्यानंतर तो मुलगा कमेंटना उत्तरं द्यायला लागला.

त्याची दुसरी सवय मात्र जायला वेळ लागला. शंका आली की तो पीआरवर न लिहिता मला चॅटवर विचारायचा. "ताई, हे एवढंसं तिथे सगळ्यांसमोर कसं विचारू?" मी त्याला उत्तर द्यायचे आणि म्हणायचे, आता हाच प्रश्न पीआरवर टाक, मी तिथे परत उत्तर देते. त्याला ते दुप्पट काम वाटायचं. पण चॅटवर ठरलेलं म्युनिकला दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी कोणी ब्लेम (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणारी सोय) काढून त्या ओळीपाशी पोचला तर त्याला पीआर सापडतो, आमचं चॅट नाही सापडत. कॉलचंही तेच. कॉल करा की, कधी कधी तोच बरा, फक्त संपल्यावर काय ठरलं आणि का ठरलं ते दोन ओळीत पीआरवर लिहा. "कॉलवर बोलणं झालं, बदल केले" अशी कमेंट मला बघवत नाही, झोपलेल्या तिसऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

आयबीएममध्ये मायकल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची जी पद्धत मांडली तिच्यात लोक एका खोलीत बसून ठरलेल्या भूमिका घेऊन कोड वाचायचे. आमच्याकडे तसं एकत्र बोलायचं तर सगळ्यांना जमेल अशी वेळ म्हणजे पोर्टलंडचे सकाळी आठ, म्युनिकचे संध्याकाळी पाच, आणि पुण्यातले रात्री साडेआठ किंवा थंडीत साडेनऊ, म्हणजे कोणाच्या घरी जेवायची वेळ, कोणाचं पोरगं झोपवायची वेळ. आठवड्यातून दोनदा एवढंच आम्ही मान्य केलंय. आणि त्यातही मार्चमध्ये गोंधळ होतो, अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे म्युनिकवाल्यांना मीटिंग चार वाजता येते आणि त्यांचे निम्मे लोक दुसऱ्याच मीटिंगमध्ये असतात. ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा परत तेच.

सगळ्यात जास्त वाद झाला अप्रूव्हलवर, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याने बदलाला होकार देण्यावर. गूगलचं रिव्ह्यूचं जे जाहीर गाईड आहे त्यात दोन गोष्टी आहेत ज्या मी टीमला दाखवल्या. एक, रिव्ह्यूला उत्तर द्यायला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस लागावा. दुसरी, फक्त बारीक कमेंट उरल्या असतील आणि लिहिणारा त्या नीट हाताळेल असा विश्वास असेल तर कमेंटसकट अप्रूव्ह करून टाकावं, आणि वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये तर हे खास करून लक्षात ठेवावं. आमच्या रिपॉझिटरीत मात्र नवीन कमिट पुश झाला की जुनं अप्रूव्हल आपोआप रद्द होण्याची सेटिंग चालू होती. म्हणजे कोडमधल्या कमेंटमधली स्पेलिंगची चूक सुधारली तरी परत एक दिवस. म्युनिकचं म्हणणं ही सेटिंग काढली तर अप्रूव्हलनंतर कोणी काहीही घुसवू शकेल, आणि पेमेंटच्या कोडबाबत ते मला मान्यच होतं. शेवटी पेमेंटची वेगळी रिपॉझिटरी आहे तिथे सेटिंग ठेवली, बाकी ठिकाणी बंद केली. माझ्या मते माणसांवर एवढा विश्वास ठेवता येत नसेल तर त्यांना मर्जचे हक्क द्यायलाच नकोत.

शेवटचा तुकडा मर्ज झाला तो गुरुवारी, शुक्रवारी नाही, कारण शुक्रवारी पुण्यातून काही गेलं आणि फुटलं तर पोर्टलंडच्या ऑनकॉलचा वीकेंड जातो. फ्लॅग आधी एका दवाखान्याला चालू केला, मग भारतातल्या सगळ्यांना, मग युरोप, मग अमेरिका. भारतातले मेसेज पहिल्याच दिवसापासून वेळेवर जायला लागले. जुना कॉलम काढायचा पीआर आम्ही युरोपची घड्याळं बदलून जाईपर्यंत मुद्दाम उघडा ठेवला आणि मगच घेतला.

सीआयवर आता वेळेच्या टेस्ट यूटीसीशिवाय कोलकाता, काठमांडू, बर्लिन, लॉस एंजेलिस आणि ऑस्ट्रेलियातलं लॉर्ड हाऊ बेट अशा झोनमध्येही चालतात, लॉर्ड हाऊ यासाठी की तिथली घड्याळं एक तास नाही, अर्धाच तास पुढेमागे होतात. ते बेट यादीत घालायचं सुचवलं जळगावच्या मुलाने, चॅटवर नाही, पीआरवर, "प्रश्न" असा शब्द पुढे लावून. म्युनिकने खाली एका ओळीत लिहिलं, "बरोबर. घाल." सध्या तो कॅलेंडर एक्स्पोर्टमधला हाच जुना पूर्णांक काढतोय, त्याच्या पहिल्या पीआरवर पोर्टलंडचा एक ब्लॉकर बाकी आहे, वारंवार होणाऱ्या अपॉइंटमेंटचा, आणि त्याचं उत्तर लिहून तयार आहे.